साखर उतरली

पिंपळीत ज्ञानूआबांच्या घराचं मागचं दार रोज सकाळी सातला आतून बंद व्हायचं, ते पावणेआठला उघडायचं. शेजारणींना वाटायचं, आबांच्या लेकी न्हाणंधुणं करत असतील. खरं काय ते घरातल्या चौघांनाच ठाऊक होतं. थोरली अंजली स्पिरिटचा दिवा पेटवायची, काचेच्या नळीत निळं औषध घ्यायची आणि त्यात धाकट्या तेजश्रीच्या लघवीचे आठ थेंब सोडून नळी ज्योतीवर धरायची. रंग निळाच राहिला तर दिवस चांगला. हिरवा झाला तरी चालायचं. पिवळा झाला की अंजलीच्या कपाळाला आठी पडायची, आणि विटकरी झाला की ती इन्सुलिनच्या सुईत दोन रेघा वाढवून घ्यायची. मग तेजश्री पाठमोरी होऊन मांडीवर सुई टोचून घ्यायची, पातळ सारखं करायची आणि शिलाई मशिनवर जाऊन बसायची. गावातल्या निम्म्या बायकांची पोलकी तिच्या हातची असत. "माझं सगळं सुईवरच चाललंय," ती हसत म्हणायची, "एक कापडाची, एक अंगाची."

हे असं सहा वर्षं चाललं होतं. तेजश्री तेरा वर्षांची असताना एकाएकी वाळत गेली, घागरीनं पाणी पिऊ लागली आणि एके दिवशी शाळेत कोसळली. पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात पंधरा दिवस काढल्यावर तिथल्या डॉक्टरीणबाईंनी आबांना समोर बसवून सांगितलं होतं, की मुलीच्या शरीरात इन्सुलिन तयारच होत नाही, ते जन्मभर बाहेरून द्यावं लागेल. एखादं जेवण चुकलं तर निभेल, सुई चुकून चालणार नाही. आबांनी मान डोलावली. गावी आल्यावर मात्र त्यांनी सगळ्यांना सांगितलं, पोरीला टायफॉइड झाला होता.

ज्ञानूआबा काही अडाणी नव्हते. अठरा-एकोणिसाव्या वर्षी वडिलांबरोबर त्यांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली होती. घरातले देव वडिलांनी कऱ्हेच्या पात्रात सोडले तेव्हा टोपली आबांच्याच डोक्यावर होती. पुढे कालव्याच्या कचेरीत ते शिपाई म्हणून लागले आणि कारकून होऊन निवृत्त झाले. थोरल्या लेकीला त्यांनी बी.एस्सी.पर्यंत शिकवलं, ती बारामतीला सायकलवर जाते म्हणून कुणी नाक मुरडलं तर त्याला दारातून परत पाठवलं. पण देव सोडायला त्यांना एक सकाळ पुरली होती, आणि लोक काय म्हणतील हे सोडायला चाळीस वर्षं पुरली नव्हती. सुईवाल्या पोरीला कोण करणार, या एका विचारानं त्यांची झोप उडायची. त्यांची बायको लक्ष्मीबाई तर तेजश्रीच्या औषधाच्या रिकाम्या बाटल्या फुटाणे बांधून आणल्यासारख्या पदरात बांधून न्यायच्या आणि लांब उसाच्या बांधाला पुरून यायच्या.

अंजली बारामतीच्या एका खासगी फार्मसी कॉलेजात प्रयोगशाळा सहायक होती. १९९६ च्या मार्चमध्ये इंदापूरचे होमिओपॅथीचे डॉक्टर रणवरे एक खोकं घेऊन तिथं आले. खोक्यात गडद काचेच्या बाटल्या होत्या. बेडकीच्या पाल्याचा मूळ अर्क आणि त्यापासून केलेली औषधं. डोंगरउतारावर कुंपणाला चढणारी ही वेल त्यांच्या आजोबांपासून घरात वापरात होती. रणवरे भला माणूस होता, आपल्या औषधावर त्यांची मनापासून श्रद्धा होती. त्यांना ते मधुमेहावर शास्त्रीय पद्धतीनं तपासून हवं होतं. कॉलेजचे वाबळे सर म्हणाले, उंदरांवर करून बघू. काम अंजलीकडे आलं.

तिनं ते जीव लावून केलं, हे सांगायला नकोच. पांढऱ्या उंदरांना एक रसायन टोचून त्यांची साखर वाढवायची, मग त्यांचे तीन गट करायचे. एका गटाला रणवऱ्यांचं औषध, दुसऱ्याला नुसतं स्पिरिट घातलेलं पाणी, तिसऱ्याला इन्सुलिन. कोणता उंदीर कोणत्या गटातला ते कळावं म्हणून त्यांच्या पाठीवर, डोक्यावर, शेपटीपाशी पिवळ्या खुणा केलेल्या. शेपटीच्या टोकातून रक्ताचा थेंब घेताना प्रत्येक उंदीर तिच्या मुठीत थरथरायचा, आणि दर वेळी तिला घरची नळी आठवायची.

तिसऱ्या आठवड्यात तिनं औषधाच्या गटाची साखर मोजली. ती उतरली होती. आठच्या आठ उंदरांची. दुसऱ्या गटाचं रक्त काढायला घेणार एवढ्यात वीज गेली आणि मोजायचं यंत्र बंद पडलं. सर म्हणाले, राहिलेलं उद्या. अंजली सायकल हाणत घरी आली. आई चुलीपुढं भाकरी थापत होती. सहा वर्षांत पहिल्यांदाच सांगण्यासारखं काहीतरी तिच्याजवळ होतं. ती उंबऱ्यातूनच म्हणाली, "आई, उंदरांची साखर उतरली."

त्या संध्याकाळी घर हसलं. अंजलीनं ओंजळभर बेडकीची पानं आणली होती. ती चावली की जिभेची गोडी मरते असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून दोघी बहिणींनी दोन-दोन पानं चावली आणि वर गुळाचा खडा तोंडात टाकला. गूळ मातीसारखा लागला. तेजश्री हसून हसून मशिनवर पालथी झाली. लक्ष्मीबाईंनीही चावून पाहिलं, आणि त्या मात्र हसल्या नाहीत. बराच वेळ जिभेवर तो गूळ घोळवत त्या म्हणाल्या, "जिभंवरची गोडी मारतंय, तर रगतातली का न्हाय मारायचं?"

दुसऱ्या दिवशी वीज आली. नुसतं पाणी प्यायलेल्या उंदरांचीही साखर तेवढीच उतरली होती. वाबळे सरांनी आकडे पाहिले आणि पेन खाली ठेवलं. टोचलेलं रसायन कमी पडलं होतं, उंदरांची स्वादुपिंडं अर्धवट शाबूत राहिली होती आणि आपली आपण सावरत होती. औषधाचा त्यात हात असल्याचं कुठंच दिसत नव्हतं. आता नवे उंदीर आणायचे, मात्रा वाढवायची आणि पुन्हा सुरुवात करायची. अंजलीनं घरी येऊन हेही सगळं सांगितलं. पण आदल्या दिवशीचं वाक्य घरात मुक्कामाला येऊन बसलं होतं. दुसऱ्या दिवशीच्या वाक्याला कुणी बसायला पाट दिला नाही.

त्याला कारण होतं. जानेवारीत विहारातल्या एका कार्यक्रमात इंदापूरच्या पलीकडच्या वस्तीवरच्या शकुबाईंनी तेजश्रीला पाहिलं होतं. त्यांचा मुलगा सुयश बारामती एमआयडीसीत दुधाच्या कारखान्यात ऑपरेटर होता, मोटारसायकलवरून ये-जा करायचा, निर्व्यसनी होता. थोरली बिनलग्नाची असताना धाकटीला मागणी आली म्हणून आबा अडखळले. अंजली म्हणाली, माझं राहू द्या. एप्रिलच्या पहिल्या रविवारी माणसं पाहायला आली. तेजश्रीनं चहा दिला. सुयशनं विचारलं, मशिन तिकडं घेऊन याल ना, आणि ती लाजून हो म्हणाली. सगळं जुळत आलं तेव्हा शकुबाईंनी सहज विचारावं तसं विचारलं, "पोरीला काय दुखणंबिखणं न्हाय न्हवं?"

आबांच्या हातात बशी होती. ती त्यांनी खाली ठेवली. "न्हाय," ते म्हणाले.

दुसऱ्याच दिवशी आबा तेजश्रीला घेऊन इंदापूरला रणवऱ्यांकडे गेले. दवाखान्याच्या भिंतीवर नवी पाटी लागली होती, 'प्रयोगशाळेत तपासणी सुरू असलेले मधुमेहावरील औषध'. 'सुरू असलेले' ही अक्षरं बारीक होती. डॉक्टरांनी साबुदाण्याएवढ्या पांढऱ्या गोळ्या आणि अर्काचे थेंब दिले, आणि सुई हळूहळू, साखर बघत बघत कमी करा म्हणाले. आबांनी घरी येऊन सांगितलं, "डॉक्टर म्हणले, सुई सुटंल." मधलं जे काही होतं ते इंदापूर आणि पिंपळीच्या दरम्यान कुठंतरी गळून पडलं.

मग सुई उतरू लागली. बावीस रेघांवरून सोळा, सोळावरून बारा, बारावरून दहा. नळी रोज विटकरी होऊ लागली. तेव्हा लक्ष्मीबाईंनी एक दिवस स्पिरिटचा दिवाच उचलून ठेवला, लग्नघरात ते लघवीचं उकळणं नको म्हणाल्या. तेजश्री वाळत चालली. पोलकी शिवून न्यायला येणाऱ्या बायका म्हणायच्या, नवरी कशी शेलाटी दिसायला लागली. ती माठाशी उभी राहून तांब्यावर तांब्या पाणी प्यायची. अंजली आईशी भांडली, आबांशी भांडली, त्या उंदरांची कथा तिनं चार वेळा सांगितली. मग ती वाबळे सरांकडे गेली, बहिणीचं नाव न घेता तिनं विचारलं, की ज्याचं स्वादुपिंड पुरतं गेलं आहे त्याला या औषधाचा काही उपयोग होईल का. सर म्हणाले, तेच तर आता बघायचं आहे, नव्या उंदरांचा निकाल मेच्या मध्यावर लागेल. लग्नाची तारीख बारा मे होती.

शेवटी ती तेजश्रीशीच भांडली. तू तरी नको म्हण, तुझा जीव आहे. तेजश्री लग्नाच्या साडीला फॉल लावत होती. टाका न चुकवता ती म्हणाली, "ताई, मला एकदा तरी सुईशिवाय कुणाच्यातरी घरात जायचंय. एकदा. मग काय व्हायचं ते हू दे."

अंजली तिथून उठली. पुढं कैक वर्षं तिला वाटत राहिलं, की त्या क्षणी आपण त्या साडीसकट तिला उचलून दवाखान्यात न्यायला हवं होतं.

त्याऐवजी तिनं इन्सुलिनच्या दोन बाटल्या आणि सुया एका छोट्या थर्मासात घातल्या, तो साड्यांच्या घडीत गुंडाळून तेजश्रीच्या ट्रंकेच्या तळाशी ठेवला, आणि तिच्याकडून वचन घेतलं, की सकाळी दहा रेघा तरी टोचशील, न्हाणीघरात टोच, कुणाला कळणार नाही. पाठराखीण म्हणून आपण जाते असंही ती म्हणाली. आबांनी नाही म्हटलं, बिनलग्नाची थोरली बहीण बरोबर पाठवली तर लोक नाना बोलतील. त्यांची म्हातारी बहीण म्हाळसाआत्या गेली. तिला यातलं काहीच ठाऊक नव्हतं.

रविवारी विहारात लग्न लागलं. पांढऱ्या साडीतली तेजश्री पंचशील म्हणताना मध्ये मध्ये ओठ ओले करत होती. पाठवणीच्या गडबडीत लक्ष्मीबाई ट्रंकेपाशी गेल्या. नवरीची ट्रंक सासरी बायका उघडून बघतात, साड्या मोजतात, हे त्यांना आठवलं होतं. त्यांनी घडीतून थर्मास काढला आणि लेकीच्या कानाशी लागून सांगितलं, की चार दिवसांचा तर प्रश्न आहे, बेस्तरवारी मांडवपरतणीला तू येतेसच, तोवर गोळ्या आहेत बरोबर. तेजश्रीनं मान हलवली. जीप निघाली.

मंगळवारी सकाळी अंजलीनं प्रयोगशाळेचं दार उघडलं तेव्हा आतला वास बदललेला होता. या खेपेला रसायनाची मात्रा पुरी होती. रणवऱ्यांच्या औषधाच्या गटातले पाच उंदीर मरून पडले होते. उरलेले तीन पिंजऱ्याच्या कोपऱ्यात नाक खाली घालून पडले होते, आणि त्यांच्या बरगड्या भात्यासारख्या वरखाली होत होत्या. शेजारच्या पिंजऱ्यात, तेवढंच विष पचवलेले इन्सुलिनवरचे उंदीर जाळीवर चढून खाणं मागत होते.

तिनं आकडे लिहिले, वहीवर तारीख घातली आणि सायकल काढली. घरी येऊन हात धुवायला गेली तर पिठाच्या डब्यामागं थर्मास दिसला. तिनं तो उघडला. बाटल्यांची झाकणंही फोडलेली नव्हती.

तिनं आईला विचारलं. आईनं सांगितलं. अंजली थर्मास घेऊन निघाली तशी आबा दारात येऊन बसले. ते ओरडले नाहीत. लग्नाला दोन दिवस झाले, हळद उतरली नाही, आणि तू सुई घेऊन तिच्या सासरी जाणार, मग ती पोर तिथं नांदेल का, हे ते पुन्हा पुन्हा हलक्या आवाजात विचारत राहिले. शेवटी त्यांनी थोरल्या लेकीपुढं हात जोडले. "बेस्तरवारपतूर कळ काढ, बाय. तुज्या पाया पडतो."

बापाला हात जोडताना तिनं कधी पाहिलं नव्हतं. ती थांबली. थांबली एवढंच खरं. पुढं तिनं दुसऱ्या कुणाला दोष दिला तेव्हा या थांबण्यापासूनच सुरुवात केली.

बुधवारी सकाळी थर्मास पिशवीत घालून, कॉलेजला जाते म्हणून ती निघाली आणि इंदापूरच्या एस.टी.त बसली. वस्तीवर पोचेतो दुपार झाली. ओसरीवर भावकीतल्याच चार बायका जमल्या होत्या. आत तेजश्री चटईवर पडली होती. गावच्या चढावर पळत आल्यासारखा तिचा श्वास चालला होता, खोल आणि भरभर, आणि खोलीत पिकून सडलेल्या पेरूचा वास भरला होता. म्हाळसाआत्या पदरानं वारा घालत होती. नवरीला ऊन लागलं, असं सगळ्यांचं म्हणणं. काल संध्याकाळपासून ती उलट्या करत होती. शकुबाई रात्रभर उशाशी बसल्या होत्या आणि दर तासाला स्वतःच्या हातानं तिला साखरपाणी पाजत होत्या.

अंजलीनं तो तांब्या पाहिला. तळाशी विरघळायची राहिलेली साखर होती.

आत्या होती, बायका होत्या, सुयश दाराशी उभा होता. बोललं की बहिणीचा संसार इथंच संपणार होता. अंजली मोठ्यानं म्हणाली, "हिला डायबेटीस हाय. सहा वर्षांपासून. रोज सुई लागती. रविवारपासून एकबी दिली न्हाय."

तिनं गुडघ्यावर बसून थर्मास उघडला आणि सगळ्यांदेखत बहिणीच्या मांडीत सुई टोचली. तेजश्रीनं डोळे उघडले. ताई आहे हे तिला कळलं की नाही कोण जाणे. सुयशनं कुणाचीतरी जीप आणली, आणि तिला इंदापूरच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथल्या डॉक्टरांनी सलाईन लावलं, इन्सुलिन दिलं, पुण्याला हलवायला हवं पण वाटेत टिकणार नाही म्हणाले. तरी त्यांनी हात राखून काही केलं नाही. बेस्तरवारी सकाळी नवाच्या सुमाराला तो खोल श्वास उथळ झाला आणि थांबला. त्या दिवशी तिची मांडवपरतणी होती.

निरोप मिळून रात्रीच आलेले आबा आणि लक्ष्मीबाई व्हरांड्यात भिंतीला टेकून बसले होते. शकुबाई त्यांच्यासमोर येऊन उभ्या राहिल्या. त्या शिव्या देतील, छाती बडवतील असं वाटलं होतं. त्यांनी तसं काही केलं नाही.

"आबा, तुमी सांगितलं असतं तर आमी न्हाय म्हणलो असतो," त्या म्हणाल्या. "खरं सांगते, न्हायच म्हणलो असतो. पर पोरगी जिती राह्यली असती."

तेजश्री काविळीनं गेली, असं पिंपळीत सांगण्यात आलं. शकुबाईंच्या घरानंही तेच सांगायचं ठरवलं, कारण त्यांचा धाकटा मुलगा लग्नाचा होता आणि या घरात काहीतरी भानगड झाली असं त्यांना लोकांत बोललं जाऊ द्यायचं नव्हतं. लोक भेटायला यायचे, काविळीवर कुठल्या गावात कोण औषध देतं ते सांगायचे, आणि आबा मान डोलवायचे. अंजली आतल्या खोलीत मशिनपाशी बसून हे ऐकायची. मशिनवर एक अर्धं शिवलेलं पोलकं तसंच होतं.

आठव्या दिवशी ती कॉलेजात गेली. बहीण गेल्याचं वाबळे सरांना कळलं होतं. ते हळुवारपणे बोलले, घरी राहा म्हणाले. मग थोडं घुटमळून म्हणाले, की अहवालात सध्या पहिल्या फेरीचे आकडे देऊ, ते डॉक्टरांनाही बरे वाटतील, मेलेल्या उंदरांची फेरी पुढच्या कामात घेऊ. अंजलीनं वही उघडून त्यांच्यापुढं ठेवली. औषधाचे आठ, मेले आठ. पाण्याचे आठ, मेले आठ. इन्सुलिनचे आठ, जगले सात. ती म्हणाली, "सर, हे आकडे नसतील तर माझं नावही नको. आणि माझं नाव का नको, ते मी विचारील त्याला सांगेन." वाबळे सरांनी ती वही जवळ ओढली. मग त्यांनी तिच्या देखत पूर्ण अहवाल लिहायला घेतला.

तेराव्या दिवशी विहारासमोरच्या मांडवात पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम झाला. दोन्हीकडची माणसं आली होती. डॉक्टर रणवरेही आले होते. आपल्याकडे औषध घेणारी मुलगी काविळीनं गेली, याचं त्यांना खरोखर वाईट वाटलं होतं. वंदना झाली, चार जण बोलले, पोरगी गुणी होती म्हणाले. लोक पांगायच्या बेतात असताना लोणी भापकरच्या बनाबाई डॉक्टरांजवळ सरकल्या. त्यांच्या हाताशी दहा-अकरा वर्षांची नात होती, डोळे खोल गेलेली. बनाबाई खालच्या आवाजात काहीतरी सांगत होत्या आणि मधूनच इकडंतिकडं बघत होत्या. डॉक्टरांनी बॅगेतून पांढऱ्या गोळ्यांची बाटली काढली.

अंजली बायकांमधून उठली. आबांनी ते पाहिलं. ते दबक्या आवाजात म्हणाले, अंजले, खाली बस. ती बसली नाही.

ती काही मोठं भाषण करायला उभी राहिली नव्हती, आणि तिचा आवाजही नीट फुटत नव्हता. ती म्हणाली, "माझी बहीण काविळीनं गेली न्हाय. तिला साखरेचा आजार होता. सुईवर ती धडधाकट होती. लग्न मोडंल म्हणून आमी तिची सुई बंद केली आणि या गोळ्या दिल्या. उंदरांची साखर उतरली, असं मीच घरात सांगितलं होतं. दुसऱ्या दिवशी कळलं की ती औषधानं उतरली नव्हती. तेबी सांगितलं, पर तवर उशीर झाला होता."

रणवरे उभे राहिले. त्यांचा चेहरा उतरला होता. सुई एकदम बंद करा असं मी म्हणालो नव्हतो, असं ते म्हणाले. ते खरंच होतं, आणि अंजलीनंही ते मान्य केलं. मग तिनं त्यांना सांगितलं, की नव्या फेरीत तुमच्या औषधाचा एकही उंदीर जगला नाही, अहवाल उद्या टपालानं येईल, तो पाटीवरच्या मोठ्या अक्षरांइतकाच मोठा लावा. डॉक्टरांनी हातातल्या बाटलीकडे पाहिलं आणि ती परत बॅगेत ठेवली.

बायकांत कुजबुज सुरू झाली. पोरगी खुळी झाली, बापाची इज्जत वेशीवर टांगली, असं कुणी म्हणालं. शकुबाईंनी मान फिरवली. सुयश तेवढा जागचा न हलता अंजलीकडे बघत होता. आणि तेव्हा लक्ष्मीबाई, तेरा दिवसांत तोंडातून अक्षर न काढलेल्या, बसल्या जागेवरून बोलल्या.

"ट्रंकंतली बाटली मी काढली."

त्या एवढंच म्हणाल्या आणि त्यांनी पदर तोंडावर ओढला. आबा उठले आणि कुणाकडं न बघता विहाराच्या मागं निघून गेले. त्यानंतर दिवाळीपर्यंत ते थोरल्या लेकीशी बोलले नाहीत. एकाच घरात, एकाच चुलीचं खाऊन.

माणसं गेल्यावर बनाबाई मांडवाच्या खांबाला धरून उभ्याच होत्या. अंजलीनं नातीला जवळ घेतलं, तिच्या तोंडाला तोच सडक्या पेरूचा वास येतो का ते पाहिलं आणि सांगितलं, की हिला आजच्या आज बारामतीच्या दवाखान्यात न्यायचं, मी बरोबर येते, सुई कशी भरायची तेही मी शिकवते, अवघड नाही. बनाबाईंनी ऐकून घेतलं. पोरीच्या केसांवरून हात फिरवत त्या म्हणाल्या, "नेते. आत्ताच नेते. पर मला एवढं सांग पोरी, उद्या हिला कोण करून घील?"

अंजली पोरीचा हात धरून बारामतीच्या रस्त्याला लागली. तिच्या प्रयोगशाळेत पुष्कळ गोष्टी तपासता येत होत्या, पण बनाबाईंच्या प्रश्नाचं उत्तर तिथं मिळणार नव्हतं. ते ज्यांच्या घरात लग्नाचे मुलगे आहेत त्यांच्याकडे आहे, आणि त्यांच्यापैकी कितीतरी जण ही गोष्ट आत्ता वाचत असतील.